यंत्रासोबत मर्यादाही द्या : इंजिनिअर मंडळींना खुलं पत्र

प्रति,
हवामानबदलावर यंत्रांचे उपाय सुचवणारे तमाम इंजिनिअर, संशोधक आणि उद्योजक,



पत्रास कारण की, हल्ली हवामानाचा विषय कुठूनही निघाला तरी चार वाक्यांत तुमच्या दारात येऊन थांबतो. पावसानं तीन आठवडे ओढ दिली की विमानं कधी उडणार, असा प्रश्न येतो. उन्हाळा अंगावर आला की हवेतला कार्बन शोषणाऱ्या यंत्राची बातमी येते. "शास्त्रज्ञ काहीतरी काढतीलच" हे वाक्य चावडीवर ऐकू येतं तसंच मोठ्या हॉटेलांतल्या परिषदांतही. तिथं फक्त ते इंग्रजीत असतं. हा विश्वास तुम्ही कमावलाय, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या विश्वासाच्या आडोशानं बरीच कामं पुढं ढकलली जातायत, नको त्या गोष्टी बिनघोर चालू राहतायत, आणि हे सगळं दिसत असूनही तुम्ही गप्प असता. माझी तक्रार या गप्प बसण्याबद्दल आहे.

मी इंजिनिअर नाही, हवामानशास्त्रज्ञही नाही. मराठवाड्यातल्या एका ग्रामीण बँकेत नोकरी केली. ठिबक, पंप, पाइपलाइन, बोअर यांची कर्जप्रकरणं माझ्या टेबलावरून गेली. मला गणित येतं ते मुद्दल आणि व्याजाचं. तेव्हा त्याच भाषेत बोलतो, गोड मानून घ्या.

आधी आपल्याच आभाळाचं बघू. ढगात रसायन फवारून पाऊस पाडायचा प्रयत्न अमेरिकेत १९४६ साली झाला. आधी कोरडा बर्फ वापरला, मग सिल्व्हर आयोडाइड. आपल्याकडं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सत्तर-ऐंशीच्या दशकांत बारामतीच्या बाजूला मिठाची पूड फवारून कितीतरी हंगाम प्रयोग केले. राज्य सरकारनं २००३ साली, नंतर २०१५ साली आणि पुन्हा २०१९ साली विमानं उडवली. २०१५ला औरंगाबादेत रडार बसलं, विमान आलं, पेपरांत फोटो आले. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. विमानानं काहीच झालं नाही, असं मी म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही. गंमत अशी की ते विमान उडवणाऱ्यांनाही माहीत नाही. का माहीत नाही, ते नीट बघण्यासारखं आहे.

त्याच पुण्याच्या संस्थेनं २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात सोलापूर भागात एक प्रयोग केला. २७६ ढगांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींत फवारणी केली, आणि काही तितक्याच भरलेल्या, तितक्याच लायक ढगांना मुद्दाम हात लावला नाही. दोन्हींची तुलना केल्यावर असं दिसलं, की फवारलेल्या ढगांच्या पुढं, वाऱ्याच्या दिशेनं, साधारण शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास जादा पाऊस पडला. मला हे काम फार आवडलं. त्यातली खरी मेख त्या न फवारलेल्या ढगांत आहे. ते सोडले नसते तर १८ हा आकडा निघालाच नसता.

आता दुष्काळात सरकार विमान उडवतं तेव्हा काय होतं बघा. पेरणी करपतेय, जनावरं छावणीला चाललीत, आणि आभाळात एक बरा ढग आलाय. हा ढग तुलनेसाठी सोडून द्यायचा आहे, असं सांगायची कुठल्या पालकमंत्र्याची छाती आहे? म्हणून दिसेल त्या ढगात फवारणी होते. पाऊस पडला तर तो विमानानं पाडला, नाही पडला तर ढगात ओल कमी होती. या हिशोबात विमान कधी तोट्यात जाऊच शकत नाही. बँकेत अशी वही कुणी दाखवली असती तर तपासनिसानं पहिल्या पानावर लाल शेरा मारला असता. दुष्काळी मदत म्हणून केलेली फवारणी आणि शास्त्र म्हणून केलेली फवारणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. पण वाहिनीवर चर्चेला बसलात की सोलापूरचे १८ टक्के तुम्ही मंत्र्यांच्या विमानाला खुशाल वापरू देता.

बरं, भावाचं काय? त्या प्रयोगानंतर जाहीर झालेला खर्च लिटरमागं १८ पैसे होता. ऐकायला स्वस्त वाटतं. एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे ढोबळमानानं एक लाख लिटर पाणी. १८ पैशांनी त्याचे अठरा हजार रुपये होतात. बियाणं, खत, फवारणी, काढणी धरून सोयाबीनला एकरी जेवढा खर्च येतो त्याच्या जवळ जाणारी ही रक्कम आहे, आणि ती एका इंचासाठी. टँकरच्या पाण्याशी तुलना केली तर हा भाव वाईट नाही, हेही मान्य. पण टँकर ठरल्या गावात येऊन ठरल्या हौदात रिकामा होतो. ढग शेजारच्या तालुक्यातल्या माळावर रिकामा झाला तर पावती कुणाच्या नावानं फाडायची? आणि खरा दुष्काळ पडतो तेव्हा ढगच नसतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे सांगायला रडार लागत नाही. शिवाय आता तर पाऊस कमी पडतो एवढंच दुखणं उरलेलं नाही. ऑगस्टभर आभाळ कोरडं ठणठणीत आणि सप्टेंबरात एका रात्रीत सगळं, असा मामला आहे. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीकाठच्या गावांत पाणी घरात शिरलं, रानातली मातीच वाहून गेली. पाऊस वाढवणाऱ्या यंत्राकडं त्या रात्री देण्यासारखं काहीच नव्हतं.

तरी कृत्रिम पावसाचा खेळ आपल्या राज्यापुरता आहे. आता जगाच्या खात्याकडं वळू.

आइसलँडमध्ये २०२४ साली हवेतून कार्बन डायऑक्साइड शोषणारा एक मोठा कारखाना सुरू झाला. नाव ‘मॅमथ’. क्षमता वर्षाला ३६ हजार टनांची. जगभरात कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला साधारण ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भागाकार करा : तो कारखाना वर्षभर पूर्ण क्षमतेनं चालला, एकदाही बंद पडला नाही, तर जगाचा अर्ध्या मिनिटाचा धूर गोळा होतो. इतकं लांब जायचं नसेल तर चंद्रपूरला चला. तिथल्या औष्णिक वीजकेंद्रातल्या ५०० मेगावॉटच्या एका संचानं पूर्ण भारानं वीज काढली तर तेवढाच वायू तो सव्वातीन दिवसांत सोडतो. तो एक संच, आणि असे देशात किती!

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे. सुरुवातीला सगळीच यंत्रं लहान आणि महाग असतात, सौर पॅनेलचंही तसंच होतं. पॅनेलबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. २०१० नंतरच्या दहा वर्षांत सौर विजेचा खर्च सुमारे ८५ ते ९० टक्क्यांनी उतरला, हे तुमचंच कर्तृत्व, आणि त्यासाठी तुम्हाला शंभर नमस्कार. पण पॅनेलवर पडणारं ऊन आयतं असतं. हवेच्या दहा हजार रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे रेणू चार-साडेचार. त्यांना वेचून काढायला ऊर्जा लागते, ती ऊर्जाही कुठून तरी आणावी लागते. रसायनशास्त्राचा हा दर घासाघीस करून फारसा खाली येत नाही.

मग चिमणीच्या तोंडाशीच वायू पकडावा, हा दुसरा मार्ग. टेक्सासात ‘पेट्रा नोव्हा’ नावाचा प्रकल्प २०१७ साली कोळशाच्या वीजकेंद्राला जोडला गेला. पकडलेला वायू पाइपलाइननं नेऊन जुन्या तेलविहिरीत दाबायचा, म्हणजे तळाशी चिकटलेलं तेल वर येतं. त्या तेलाच्या पैशावर प्रकल्पाचा संसार चालायचा. २०२० साली तेलाचा भाव पडला आणि प्रकल्प बंद झाला. २०२३ला पुन्हा सुरू झाला. पृथ्वीला धुरापासून वाचवणारं यंत्र तेल महाग असेल तरच परवडतं. यावर मी वेगळी टीका काय करणार?

माझा राग खरं तर या यंत्रांवर नाहीच. ती करून बघायलाच हवीत. राग आहे तो जमाखर्चाच्या पद्धतीवर. आमच्या बँकेच्या जगात ‘नवं-जुनं’ नावाचा एक प्रकार चालतो. मार्च आला की थकलेलं पीककर्ज नव्या कर्जातून फेडल्याचं दाखवायचं. त्याच दिवशी खात्यात भरणा, त्याच दिवशी उचल. कागदावर खातं चोख, शेतकऱ्याच्या हातात रुपया नाही, आणि बोजा आधीपेक्षा मोठा. देशोदेशीच्या आणि कंपन्यांच्या शून्य उत्सर्जनाच्या घोषणा वाचताना मला हेच आठवतं. आज जाळलेला कोळसा २०५० साली चालू होणाऱ्या यंत्राच्या नावावर फेडलेला दाखवतात. हवामानावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१४च्या अहवालात तापमानवाढ दोन अंशांच्या आत ठेवणारी जी चित्रं होती, त्यांतल्या बहुतेकांत असं गृहीत होतं की पुढं प्रचंड जमिनीवर जळणाची पिकं घेतली जातील, ती जाळून वीज काढली जाईल आणि धूर जमिनीत पुरला जाईल. ही जमीन कुणाची? तिथं आज ज्वारी आहे की जंगल, गुरं चरतात की कुणी राहतं? आकडेमोडीच्या प्रोग्रॅमला सातबारा दिसत नाही. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असायला काय हरकत आहे?

एकवेळ हे दूरचं म्हणून सोडून देऊ. माझ्या टेबलावरच्या फायलींकडे येतो, कारण तिथं जे दिसलं ते मला कुठल्या अहवालात इतकं स्पष्ट दिसलेलं नाही.

ठिबक. उसाला पाटानं पाणी देण्यापेक्षा ठिबकनं दिलं तर पाणी बरंच कमी लागतं, हे सिद्ध झालेलं आहे. त्यात वाद नाही. दोन एकर ऊस असलेला एक शेतकरी ठिबकच्या कर्जाला यायचा. सातबारा, आठ-अ, कारखान्याचं पत्र, विक्रेत्याचं कोटेशन : फिल्टर, व्हेंचुरी, मेनलाइन, सबमेन, लॅटरल इतके मीटर. कोटेशनच्या कागदावर ठळक छापलेलं असायचं की पाण्यात एवढ्या टक्क्यांची बचत. कर्ज व्हायचं, अनुदान यायचं, काम चोख व्हायचं. दीड-दोन वर्षांनी तोच माणूस पुन्हा हजर. आता चार एकरांचा ऊस, आणखी लॅटरल हव्यात.

मी एकदा विचारलं, "तात्या, ठिबक पाणी वाचवायला घेतलं होतं ना?"

"वाचलं की साहेब. वाचलेलं पाणी काय हौदात ठेवून बघत बसू?"

तात्यांचं काय चुकलं? कारखाना ऊस बांधावरून उचलतो, भाव आधी ठरलेला असतो. तूर-हरभऱ्याला ती हमी नाही. आमच्या फायलीलाही ऊसच गोड लागायचा, कारण वसुली कारखान्यातून परस्पर व्हायची. तेव्हा ठिबकनं एकरी पाणी निम्म्यावर आलं, एकर दुप्पट झाले, आणि विहीर होती तिथंच राहिली. खरं म्हणजे तिथंही राहिली नाही. पाटाच्या पाण्यातलं थोडं मुरून शेजाऱ्याच्या विहिरीला जायचं, तेही थांबलं.

इंग्लंडमधल्या विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सनं १८६५ साली कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलंय. वाफेची इंजिनं सुधारली, तेवढ्याच कामाला कोळसा कमी लागायला लागला, आणि देशाचा एकूण खप वाढत गेला. तुम्हा लोकांना हे नवं नाही, अभ्यासक्रमात कुठंतरी येऊनही जातं. पण कोटेशनवर येत नाही.

आता सौर पंप. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना २०२४ पासून जोरात आहे. रात्री-बेरात्री लाइट आली म्हणून साप-विंचवातून रानात जायचं संकट टळलं. ज्यानं ते भोगलंय तो या योजनेला नावं ठेवणार नाही, मीही ठेवत नाही. पण बिल नसलेला पंप ऊन आहे तोवर चालतो, आणि आमच्याकडं ऊन कमी पडत नाही. राज्याचा भूजल कायदा २००९चा. शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे दोनशे फुटांखाली बोअर घेऊ नये, असं त्यात लिहिलंय. तुम्ही एखाद्या फेब्रुवारीत लातूर-धाराशिवकडं या. तमिळनाडूच्या नंबरप्लेटची बोअरची गाडी रात्रभर धडधडत असते. मालक फूटभाव हातावर मोजतो, पाणाड्यानं दाखवलेल्या जागी फोडलेल्या नारळाच्या करवंट्या पडलेल्या असतात, आणि चारशे फुटांनंतरही नुसता पांढरा फुफाटा उडत राहतो. सातशे-आठशे फुटांशिवाय कुणी गाडी हलू देत नाही. त्या गाडीचं कॉम्प्रेसर यंत्र फार सुरेख आहे. कायदाही कागदावर सुरेख आहे. दोघांची गाठ मात्र कधी पडत नाही. आता त्याच बोअरवर पॅनेल बसलं की पंप हरित ऊर्जेच्या आकडेवारीत जमा होतो आणि खालचं पाणी कुठल्याच आकडेवारीत वजा होत नाही.

तुम्ही म्हणाल, पाणी कुणी किती वापरावं हे ठरवणं आमचं काम नव्हे, ते राजकारण झालं. इथं मला तुमच्याच बिरादरीतल्या एका माणसाची आठवण करून द्यावीशी वाटते. विलासराव साळुंखे. पुण्यात कारखाना चालवणारे इंजिनिअर. १९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले, खडी फोडणारी माणसं बघितली, आणि नायगावला देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन भाडेपट्ट्यानं घेऊन बसले. तिथं पाणी अडवलं, मुरवलं, विहिरीतून उपसून शेताला दिलं. यात नवं तंत्र म्हणावं असं काही नव्हतं. बांध, पाझर तलाव, साधा पंप. इंजिनिअरची बुद्धी खर्ची पडली ती नियमांत. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलायचा, फुकट काही नाही.

या यादीतला एकेक नियम वाचा आणि तात्यांच्या चार एकर उसाकडं बघा. वाचलेलं पाणी कुठं जाणार, हे साळुंख्यांच्या या ‘पाणी पंचायती’त पंप सुरू व्हायच्या आधी ठरलेलं होतं. त्याला मी इंजिनिअरिंगच म्हणतो. हिवरे बाजारनं नंतर हेच आपल्या पद्धतीनं केलं : शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवायची. तिथं सगळ्यात महत्त्वाचं उपकरण पर्जन्यमापक आहे. त्या गावावर पुरस्कारांचा पाऊस पडला, गावाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली, सहलींच्या बसगाड्या आजही जातात. जाणारे बांध बघून येतात, बंदी विसरून येतात.

ही एका गावाची गोष्ट झाली, जगाला असं चालत नाही, असा आक्षेप येईल. चाललंय की. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या रसायनांवर १९८७ साली माँट्रियल इथं करार झाला. कुणी किती कमी करायचं, कधीपर्यंत, हे ठरलं. पर्यायी रसायनं धडाधड बाजारात आली ती त्या तारखा डोक्यावर टांगल्या गेल्यानंतर. सीमा आखून दिली की तुम्ही लोक अचाट काम करता, हा इतिहास आहे. सीमा नसेल तर तुमचं अचाट काम कुणाच्या तरी चार एकरांत जिरतं.

उलट बाजूचं उदाहरणही घरचंच आहे. वीजकेंद्रांच्या चिमणीतला गंधक काढून टाकणारं यंत्र जुनं आणि खात्रीचं आहे. डिसेंबर २०१५मध्ये केंद्र सरकारनं नियम केला, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५मध्ये बहुतेक केंद्रांना ते बसवण्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे, खर्च फार आहे, अशी कारणं. ती खरी धरली तरी एक गोष्ट उरतेच : तंत्रज्ञान हातात असून दहा वर्षांत ते बसलं नाही. मग जे अजून हातात नाही, त्याच्या जोरावर २०७०पर्यंत शून्य उत्सर्जनाचं वचन देशानं कसं द्यायचं?

आणि गंधकाचा विषय निघालाच आहे तर तुमच्यातल्या काहींच्या डोक्यात असलेल्या त्या सगळ्यात मोठ्या प्रयोगाबद्दल. जून १९९१मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. कोट्यवधी टन गंधकवायू वरच्या थरात गेला, ऊन थोडं अडलं आणि पुढचं वर्षभर पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशानं निवली. हे माणसानं मुद्दाम करावं, विमानांनी गंधक वर फवारावा, असा प्रस्ताव आहे. चिमणीतला गंधक काढायला पैसे नाहीत, आणि आभाळात तो घालायला मात्र योजना तयार! पिनाटुबोनंतरच्या वर्षी जगभर जमिनीवरचा पाऊसही घटला होता, हे सांगताना आवाज जरा खाली येतो. आमची सगळी शेती चार महिन्यांच्या मोसमी वाऱ्यावर उभी आहे. त्याचा तोल जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर. त्या तोलाशी कुणी खेळायचं, ते कुठल्या सभेत ठरणार? सभेत आमच्या बाजूनं कोण बसणार? आणि एकदा सुरू केलेली फवारणी युद्धानं, मंदीनं किंवा सरकार बदलल्यानं थांबली, तर झाकून ठेवलेली सगळी उष्णता थोड्या वर्षांत अंगावर येईल, त्याची जोखीम कुणाच्या नावावर? हार्वर्ड विद्यापीठाची स्वीडनमधली एक साधी चाचणी २०२१ साली तिथल्या रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांनी हरकत घेतल्यावर थांबली. हार्वर्डनं तो प्रकल्प २०२४ साली गुंडाळला. रेनडिअर पाळणाऱ्यांनी विचारायचं ते विचारलं. कोरडवाहू शेतकऱ्याला अजून कुणी हे सांगितलंसुद्धा नाही.

तर मागणं काय?

आकडा सांगाल तेव्हा त्याच्याखालचा छेदही सांगा. ३६ हजार टन म्हणालात की लगेच ३७ अब्ज म्हणा, १८ टक्के म्हणालात की किती ढग, किती टापू, आणि किती दिवस विमान जमिनीवरच उभं राहिलं तेही. सरकारनं पुन्हा कृत्रिम पावसाच्या बैठकीला बोलावलं तर काही ढग मोकळे सोडायची अट घाला आणि निकाल लोकांसमोर मांडायची लेखी हमी घ्या. अट मान्य नसेल तर तुमची सही देऊ नका. सही न देणं हासुद्धा तांत्रिक सल्लाच आहे. मला तर वाटतं, गेल्या वीस वर्षांत तोच सगळ्यात कमी दिला गेला.

जनसुनावण्यांना या. औष्णिक केंद्राचा विस्तार, नवी खाण, नवा महामार्ग, यांच्या सुनावणीत गावकरी तावातावानं बोलतात आणि त्यांना अडाणी ठरवायला कंपनीचे इंजिनिअर तयारीनिशी बसलेले असतात. गावाच्या बाजूनं एक जरी इंजिनिअर उभा राहून म्हणाला, की हे बांधायची गरज नाही, एवढी वीज दुसरीकडं वाचवता येते, ही बघा आकडेमोड, तर त्या मंडपातली हवा बदलेल.

कॉलेजात शिकवणाऱ्यांना वेगळी विनंती. दरवर्षी प्रदर्शनात मोबाइलवरून चालणारा पंप बघायला मिळतो. पोरं हुशार असतात, पंप चालतोही. त्यांतल्या चार जणांना एका गावात एक पावसाळा राहू द्या. पाऊस मोजा, विहिरींची पातळी मोजा, पिकांना लागणारं पाणी मांडा आणि ताळेबंद ग्रामसभेत वाचून दाखवा. ग्रामसभेत बागायतदार अंगावर येईल तेव्हा काय उत्तर द्यायचं, ते कुठल्याच प्रयोगशाळेत शिकवलं जात नाही.

आणि ठिबक, पंप, पॅनेल विकणाऱ्यांनो, तुमच्या कोटेशनवर बचतीच्या टक्क्यांखाली एक रकाना वाढवा : ‘वाचलेल्या पाण्याचा विनियोग’. शेतकरी, तुम्ही आणि बँक, तिघांच्या सह्या त्याखाली घ्या. रकाना कोरा सोडणाऱ्याला अनुदान देऊ नये, हे शासनाला पटवायचं काम आम्हा बँकवाल्यांकडं द्या. निवृत्त झालो असलो तरी अर्ज लिहायची सवय गेलेली नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
ग्रामीण बँकेतला एक निवृत्त कर्ज अधिकारी

ता. क. : इथेनॉल राहूनच गेलं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट देशानं २०२५ साली गाठलं, अभिनंदन. नीती आयोगाच्याच २०२१च्या अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असा हिशोब आहे. २०२३चा ऑगस्ट १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. उसाचं उत्पादन घटणार, साखर महागणार, या धास्तीनं त्याच डिसेंबरात सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल काढायला मनाई केली, नंतर ती थोडी सैल केली. हवामान बिघडलं की बंद ठेवावा लागतो, असा हा हवामानावरचा उपाय आहे. पुढच्या सादरीकरणात इथेनॉलच्या पानावर ही तारीखही टाका.